दिवाळखोराची वही

न्यूयॉर्कचा लुइस टॅपन रेशमाच्या धंद्यात होता. 1837च्या मंदीत उधारीवर माल नेलेल्या दुकानदारांनी हात वर केले आणि भावाबरोबर चालवलेली पेढी बसली. कोणाला उधार द्यायचं, याची अद्दल घडलेल्या टॅपनने 1841मध्ये मर्कंटाइल एजन्सी काढली. गावोगावचे वकील तिचे बातमीदार. अमका सचोटीचा, तमका पितो, फलाण्याच्या बायकोकडे पैसा आहे, असली माहिती जाडजूड वह्यांत उतरवली जाई आणि वर्गणीदार व्यापाऱ्यांना वाचून दाखवली जाई. आज लाजही वाटेल, पण पत मोजण्याच्या धंद्याचं मूळ या कुचाळक्यांत आहे.

गंमत म्हणजे त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकी काँग्रेसने कर्जदाराला स्वतःहून दिवाळं काढून कर्जातून सुटण्याची मुभा दिली. इंग्लंडच्या 1705च्या कायद्यात कर्जातून सुटका होती, पण ती व्यापाऱ्यांपुरती, आणि मालमत्ता लपवली तर थेट फाशी. 1841चा कायदा दोन वर्षांत रद्द झाला, पण कल्पना टिकली. कायदा कर्ज पुसू लागला, वही ते लक्षात ठेवू लागली.

एप्रिल 1934मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने हंट नावाच्या कर्जदाराचा पुढचा पगार सावकाराच्या तावडीतून सोडवला. त्याने 300 डॉलरसाठी तो गहाण टाकला होता. प्रामाणिक पण दुर्दैवी माणसाला नवी सुरुवात मिळाली पाहिजे, असं न्यायालयाचं म्हणणं. जूनमध्ये फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन (एफएचए) या संस्थेचा कायदा आला. सरकार गृहकर्जाचा विमा उतरवू लागलं. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या मात्र या संस्थेने पद्धतशीर वगळल्या.

वहीला मुदत घातली ती 1970च्या कायद्याने: दिवाळ्याची नोंद 14 वर्षं. 1978मध्ये ती 10वर आली. 1989पासून फायको स्कोअर आला आणि बातमीदाराच्या शेऱ्याऐवजी आकडा बोलू लागला. आपला सिबिल स्कोअर याच कुळातला.

आज दिवाळं निघालेला अमेरिकन बहुधा अनामत ठेवून क्रेडिट कार्ड घेतो, थोडा खर्च करतो, दरमहा पूर्ण फेडतो. दिवाळखोरी कायद्याच्या चॅप्टर सातखाली कर्जातून सुटका झाली असेल, तर एफएचएच्या विम्याचं गृहकर्ज साधारणपणे दोन वर्षांनी मागता येतं. बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे या कंपनीच्या नियमांत चार वर्षं थांबावं लागतं. नोंदीची 10 वर्षं अर्जाच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे वहीतलं दिवाळं तसंच असताना माणूस घराचे हप्ते भरू लागलेला असू शकतो.