जर्मेनियमचा दोष, गिटारचा स्वर

सप्टेंबर २०२५ मध्ये नवी दिल्लीतील ‘सेमिकॉन इंडिया’ परिषदेत ‘विक्रम ३२०१’ हा ३२ बिटांचा भारतीय प्रक्रियक सादर झाला आणि अर्धवाहक हा शब्द घरोघरी पोहोचला. त्या चर्चेचा सारा भर सिलिकॉनवर होता. मात्र भारतातील अर्धवाहक उद्योगाच्या इतिहासात सिलिकॉनच्या आधीचे एक प्रकरण आहे आणि ते बंगळुरूच्या जालहळ्ळी परिसरात घडले. १९५४ साली स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रेडिओच्या व्हॉल्व्हचे आणि १९६२ मध्ये जर्मेनियम अर्धवाहकांचे उत्पादन सुरू केले. रेडिओसाठी जन्मलेले हे जर्मेनियम उद्योगातून केव्हाच मागे पडले. पण इलेक्ट्रिक गिटारवादक जगभर अजूनही त्याच्या शोधात असतात. हे असे का, याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे.

योगायोग असा की, त्याच १९६२ साली अमेरिकेत ‘माइस्ट्रो फझ-टोन’ हे पायाने चालू-बंद करायचे छोटे यंत्र बाजारात आले. त्याची कथा एका बिघाडातून सुरू होते. नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गीताच्या ध्वनिमुद्रणात ग्रेडी मार्टिन यांच्या बास गिटारचा आवाज मिश्रणयंत्रातील दोषामुळे फाटून घरघरला. तो भाग तसाच ठेवला गेला आणि १९६१ मध्ये गीत लोकप्रिय झाले. पुढे ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तो फाटलेला आवाज हवा तेव्हा निर्माण करणारे ट्रान्झिस्टर मंडल रचले. त्यात तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर होते. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये हे यंत्र वाजले आणि बिघाडाला वाद्यसंगीतात कायमचे स्थान मिळाले.

आवाज ‘फाटतो’ म्हणजे काय होते? प्रवर्धकाला त्याच्या क्षमतेपेक्षा मोठा संकेत दिला, की तरंगाचा माथा आणि तळ छाटले जातात. या छाटणीतून मूळ संकेतात नसलेल्या वारंवारता जन्माला येतात. दोन्ही बाजू सारख्या छाटल्या, तर मूळ वारंवारतेच्या तिप्पट, पाचपट, सातपट असे विषम संनादी स्वर मिळतात. एक बाजू अधिक छाटली, तर दुप्पट, चौपट असे सम संनादीही त्यांत मिसळतात. छाटणीची कड तीक्ष्ण असेल तर वरचे संनादी प्रबळ होऊन आवाज करकरीत होतो, कड गोलसर असेल तर तो मऊ राहतो. म्हणून हव्या त्या स्वरासाठी पेडल निवडणे म्हणजे मुळात एका वक्राचा आकार निवडणे होय.

जर्मेनियमचे महत्त्व येथे कळते. जर्मेनियमचा डायोड सुमारे ०.३ व्होल्टला वाहू लागतो, सिलिकॉनचा सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्टला, आणि जर्मेनियमचा वक्र अधिक सावकाश वळतो. १९६६ मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीने काढलेल्या ‘फझ फेस’मध्ये दोनच जर्मेनियम ट्रान्झिस्टर होते आणि त्यांच्या असमान छाटणीने त्या पेडलला त्याचा आवाज दिला. परंतु जर्मेनियमची गळती मोठी असते, म्हणजे बंद स्थितीतही त्यातून थोडा प्रवाह वाहतच राहतो. दर दहा अंश सेल्सिअसला ही गळती अंदाजे दुप्पट होते. डिसेंबरच्या बंगळुरूत वीस अंशांना जुळवलेले मंडल मे महिन्याच्या नागपुरात चाळीस अंशांना नेले, तर गळती चौपट होऊन स्वर गुदमरतो. रेडिओ, रडार किंवा संगणक बांधणाऱ्याला असा घटक परवडणारा नव्हता. सिलिकॉनचा विजय न्याय्य होता. भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही १९६७ मध्ये सिलिकॉन घटकांची वाट धरली. फझ फेसमध्येही लवकरच सिलिकॉन आले; त्याने स्थैर्य मिळाले, पण आवाज अधिक तीक्ष्ण झाला.

जुन्या जर्मेनियमभोवती आज गूढतेचे वलय आहे. विशिष्ट छाप, विशिष्ट वर्ष, काळा रंग की चंदेरी, यांवर किंमत ठरते. बंगळुरूच्या सदर पत्रप्पा रस्त्यावर किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग शोधणाऱ्या विद्यार्थ्याला या वलयापेक्षा एक साधी चाचणी अधिक उपयोगी पडते. ९ व्होल्टची बॅटरी, बेसच्या वाटेवर २.२ मेगाओहमचा रोध आणि कलेक्टरच्या वाटेवर २.४७ किलोओहमचा रोध जोडला, की बेसमधून सुमारे ४ मायक्रोॲम्पिअर प्रवाह जातो आणि कलेक्टरच्या रोधावरील व्होल्टतेला १०० ने गुणले असता लाभांक मिळतो. मात्र त्याआधी बेस मोकळा ठेवून गळती मोजून ती वजा करावी लागते. ७० लाभांकाच्या ट्रान्झिस्टरमध्ये २०० मायक्रोॲम्पिअरची गळती असेल, तर वजाबाकी न करणाऱ्यास तो १२० च्या जवळपास भासतो. फझ फेससाठी पहिला ट्रान्झिस्टर साधारण ७० ते ८० आणि दुसरा १०० ते १३० लाभांकाचा घेण्याची रूढी आहे. ती छापावरून पाळता येत नाही, मोजूनच पाळावी लागते.

छाटणीआधी कोणत्या वारंवारता आत सोडायच्या, हा निर्णयही तितकाच मोलाचा ठरतो. १९७९ च्या ‘ट्यूब स्क्रीमर’मध्ये सुमारे ७२० हर्ट्झखालील स्वरांना कमी प्रवर्धन मिळते, म्हणून त्याचा खर्ज गढूळ होत नाही. दोन स्वर एकत्र छाटले गेले, की त्यांच्या बेरजेच्या व वजाबाकीच्या वारंवारताही उमटतात. ११० हर्ट्झचा षड्ज आणि १६५ हर्ट्झचा पंचम घेतल्यास वजाबाकी ५५ हर्ट्झ, म्हणजे नेमका खालच्या सप्तकाचा षड्ज. रॉक संगीतात षड्ज-पंचमाची जोडी इतकी भरघोस वाजते, त्यामागे हेच गणित आहे.

षड्ज-पंचमाचा उल्लेख येताच मराठी कानांना तंबोरा आठवतो, आणि ती आठवण अस्थानी नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक होऊन बंगळुरूला येण्याच्या बारा वर्षे आधी, कलकत्त्यात तंबोरा आणि वीणेचा अभ्यास मांडला. तार ज्या बिंदूवर छेडावी, तेथे ज्या संनादी स्वरांचे निस्पंद बिंदू असतात ते स्वर रूढ नियमानुसार ऐकू येता कामा नयेत. तंबोऱ्यात मात्र ते जोरकस ऐकू येतात, असे त्यांनी दाखवले. घोडीचा किंचित वक्र माथा आणि तारेखाली सरकवलेला दोरा यांमुळे कंप पावणारी तार घोडीला सतत स्पर्शत राहते आणि नवे संनादी निर्माण होतात. यालाच जवारी म्हणतात. ट्रान्झिस्टरच्या वक्राने जे विजेत साधते, ते येथे घोडीच्या वक्राने साधते.

मिरजेचा कारागीर जवारी काढताना घोडी थोडी घासतो, तार छेडतो, ऐकतो आणि पुन्हा घासतो. जर्मेनियमचा पेडल बांधणाऱ्यालाही शेवटी हेच करावे लागते: आधी मोजायचे, मग एकेक रोध बदलत ऐकायचे. जालहळ्ळीच्या अभियंत्यांच्या काळी तांत्रिक पत्रकात दोष म्हणून गणला जाणारा तो मंद वक्र अशा वेळी दोष राहत नाही. मात्र तो नेमका किती हवा, हे ठरवण्यासाठी मापक आणि कान दोन्ही लागतात.