लाटसाहेबांच्या नाचाचं रेशीम

रे रोड स्टेशनला उतरणाऱ्या किती जणांना हा 'रे' कोण ते माहीत असेल, मला शंका आहे. गेल्या वर्षीपर्यंत मलाही नव्हतं. हे लॉर्ड रे, म्हणजे डोनाल्ड मॅके, १८८५ ते १८९० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर. आमच्या ग्रुपच्या एकांकिकेत १८८७ सालचा एक प्रवेश आहे. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झालीत, लाटसाहेबांकडे नाच आहे आणि एक गोरी पाहुणी बॉलगाऊन घालून नऊ मिनिटं रंगमंचावर आहे. "तू रेशमावर पीएचडी करतेस ना? मग कापड तूच निवड," असं म्हणून ते काम माझ्या गळ्यात मारलं गेलं. बजेट चार हजार.

माझं रेशीम फॅशनचं नाही हो. रेशमातल्या प्रथिनांपासून जखमेवर लावायचं आवरण बनवता येतं का, ते मी बघते. पण माझा रोजचा प्रयोग जिथे सुरू होतो, तिथूनच या गाऊनची गोष्टही सुरू होते. कोशाच्या धाग्यात दोन प्रथिनं असतात: आतलं फायब्रॉइन, म्हणजे खरं रेशीम, आणि बाहेरचा डिंकासारखा सेरिसिन. गरम साबणाच्या किंवा सोड्याच्या पाण्यात धुतलं की सेरिसिन निघून जातो, धागा मऊ आणि चमकदार होतो. आणि वजन साधारण पाव हिश्शाने उतरतं. मी ते वहीत लिहून पुढे जाते. पण रेशीम वजनावर विकणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा!

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपी रंगाऱ्यांनी यावर तोडगा काढला तो वजन परत भरण्याचा. काळ्या रेशमात लोखंडाचे क्षार आणि टॅनिन. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस मिसळून काळा रंग करायचे, तेच रसायन. टॅनिनसाठी आपल्या पानातला कातसुद्धा वापरला जायचा. फिकट रंगांसाठी शतकाच्या शेवटी कथलाचे क्षार आले. आधी फक्त गेलेला पाव हिस्सा भरून काढायचे, मग हाव वाढली. काळं रेशीम मूळ वजनाच्या दुप्पट-तिप्पट होऊ लागलं. गंमत म्हणजे गिऱ्हाइकांना ते आवडलं. कापड जड झालं, त्याला पडता घोळ आला, आणि त्या काळच्या फोटोंत कमरेमागे उंचावलेला तो फुगवटा आणि त्यावरून कोसळणारा घेर दिसतो ना, त्याला हा जडपणा फार सोयीचा होता. (सहा वर्षांनी, १८९३ साली, हा मागचा फुगवटा गेलेला आहे आणि बाह्या फुगायला लागल्यात. 'लगान' त्या सालात घडतो, वेशभूषा आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैयांची. तिथला गाऊन बघून १८८७चा शिवला तर चूक.)

म्हणजे आज महागातलं शुद्ध रेशीम आणलं, तरी ते तसं पडणारच नाही. शुद्ध आहे म्हणूनच नाही पडणार.

शुद्ध आम्हाला परवडतही नव्हतं. पहिल्या फेरीत एका दुकानदाराने 'प्युअर सिल्क सॅटिन' म्हणून सहा मीटर गळ्यात बांधलं. घरी येऊन एक धागा जाळला. रेशीम जळताना केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. याचा वितळून काळा टणक मणी झाला. पॉलिएस्टर. त्यातून शिकायचं ते असं, की सॅटिन हे धाग्याचं नाव नाही, विणीचं नाव आहे. एक धागा बऱ्याच धाग्यांवरून लांब उडी मारतो, म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि चमकतो. ही वीण सुतातही निघते, रेशमातही, प्लास्टिकमध्येही.

दरम्यान माझगावच्या एका पारशी बाईंनी ओळखीतून निरोप धाडला. त्यांच्या पणजीचं काळ्या रेशमाचं, लांब बाह्यांचं, युरोपी धाटणीचं पोलकं होतं. "पडूनच आहे, दीकरा. कापून लाव कुठे लागेल तिथे." मी आणि घोडपदेवचे आमचे शिलाईवाले मास्तर गेलो. पेटी उघडली, बाईंनी घडी उचलली आणि घडीच्या रेषेवर कापड फाटलं. फाटलं म्हणण्यापेक्षा तडकलं, सुक्या पानासारखं. आवाजही आला. कोणी ओढलं नव्हतं.

जगभरच्या संग्रहालयांतल्या त्या काळच्या रेशमाचं हेच होतंय. आत भरलेलं लोखंड हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने प्रथिनांच्या साखळ्या तोडत राहतं, प्रकाश आणि दमट हवा त्याला हातभार लावतात, आणि घडीवर ताण सगळ्यात जास्त. बाईंना वाटलं, त्यांनी नीट ठेवलं नाही. मी म्हटलं, तुमचा काहीच दोष नाही, हे रंगवलं गेलं त्याच दिवशी ठरलं होतं. "तू शिकलेली आहेस, काही लावून थांबवता येईल?" नाही येत. तुटलेली साखळी जोडता येत नाही. अंधारात, कोरड्या जागी, घडी न घालता सपाट ठेवलं तर वेग कमी होतो, एवढंच. हे सांगताना माझा आवाज जरा उतरलाच.

कापायचा प्रश्न तिथेच मिटला. शेवटी हिंदमाताला जाऊन कॉटन सॅटिन घेतलं. खाली मांजरपाटाचं अस्तर, घेराच्या कडेला कॅनव्हासची पट्टी. कथलाचं काम मांजरपाटाने केलं म्हणा ना. इतिहासाच्या दृष्टीने कापड खोटं, पण पडतं खऱ्यासारखं, आणि आमची नटी घामाने बेजार होत नाही.

रंगावरून भांडण झालं. दिग्दर्शकाला जुनं म्हणजे फिकट, चहात बुडवल्यासारखं हवं होतं. पण मॉव्ह १८५६चा, मॅजेंटा १८५९चा. १८८७पर्यंत कृत्रिम रंग सर्रास झाले होते, आणि गॅसच्या पिवळ्या उजेडात निळ्या छटा मळकट दिसत असल्याने तांबूस भडक रंग उठून दिसे. म्हणून गाऊन राणी कलरचा. राणीच्याच उत्सवाला!

सळसळ राहिली होती. ती वजनातून येत नाही. साबणाने धुतलेलं रेशीम सौम्य आम्लातून काढून वाळवलं की धागे एकमेकांवर करकरतात. दोन मीटर रेशमी टाफेटा आणला, व्हिनेगरच्या पाण्यातून काढला आणि परकराच्या झालरीला लावला. तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू येतं.

आणि पुढच्या चुण्या? त्या पणजीच्या पोलक्यावरूनच आल्या. त्या दिवशी बाईंनी पलंगावर स्वच्छ चादर अंथरली, पोलकं एकदाच पूर्ण उघडून त्यावर ठेवलं. मास्तरांनी टेप खिशातून काढलीच नाही. हातात शिवणाचा पांढरा दोरा धरून, कापडाला स्पर्श न करता, वरूनच एकेका चुणीचं माप घेतलं आणि दोऱ्यावर गाठी मारत गेले.