महिला आशिया चषक फुटबॉल, २०२२

आशियाई फुटबॉल महासंघाची (एएफसी) राष्ट्रीय महिला संघांसाठीची विसावी स्पर्धा. २० जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२२ या काळात ती नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियम, अंधेरीचे मुंबई फुटबॉल अरिना आणि पुण्यातील म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल अशा तीन मैदानांवर झाली. नाव चषकाचे असले तरी बहुतेक संघ आले होते ते दुसऱ्याच हिशेबाने. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये होणाऱ्या महिला विश्वचषकाची आशियातली पात्रता हीच स्पर्धा ठरवणार होती. चषक चीनने नवव्यांदा नेला. फिलिपिन्स आणि व्हिएतनाम या दोन देशांनी मात्र विश्वचषकाचे दार इथेच पहिल्यांदा उघडले, आणि यजमान भारताचे ते एक सामना खेळून बंद झाले.

या स्पर्धेचा पहिला डाव १९७५ साली हाँगकाँगला झाला आणि तो न्यूझीलंडने जिंकला. भारतात ती आधी एकदाच, जानेवारी १९८० मध्ये कोझिकोडला झाली होती. तेव्हा भारत उपविजेता ठरला, १९८३ मध्येही ठरला. २००३ नंतर मात्र मुख्य स्पर्धेत भारताचे नाव दिसेनासे झाले. २०२० साली यजमानपद मिळाले आणि त्यासोबत पात्रता फेरीविना थेट प्रवेशही मिळाला. आधी अहमदाबाद आणि भुवनेश्वर इथेही सामने व्हायचे होते. महासाथीत संघांचा प्रवास कमी करण्यासाठी २०२१ मध्ये ती शहरे वगळून मुंबई आणि पुणे घेतले गेले. बालेवाडीचा या स्पर्धेत शिरकाव झाला तो असा, ऐनवेळच्या सोयीने.

संघांची संख्या या वेळी ८ वरून १२ झाली. जपान, ऑस्ट्रेलिया, चीन आणि यजमान भारत थेट आले. उरलेल्या ८ जागांसाठी २०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये स्वतंत्र पात्रता फेरी झाली, म्हणजे पात्रतेच्या स्पर्धेची पात्रता. तीतून दक्षिण कोरिया, चायनीज तैपेई, व्हिएतनाम, थायलंड, फिलिपिन्स, म्यानमार, इंडोनेशिया आणि पहिल्यांदाच इराण आला. प्रत्येकी चार संघांचे तीन गट पडले. प्रत्येक गटातले पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकाच्या संघांपैकी सरस दोन उपांत्यपूर्व फेरीत जाणार होते.

विश्वचषकाचे गणित त्याहून गुंतागुंतीचे होते. ३२ संघांच्या त्या स्पर्धेत आशियाला सहा जागा होत्या, पण सहयजमान ऑस्ट्रेलियाची त्यातली एक आधीच पक्की होती. उरलेल्या पाचांसाठी उपांत्य फेरी गाठणे हा सरळ रस्ता. तिथे न पोहोचलेल्यांना आपसांत खेळून शेवटची जागा मिळवायची होती, आणि त्यातही हुकलेल्या दोघांना न्यूझीलंडमधील आंतरखंडीय बाद सामन्यांची एक आशा उरणार होती. त्यामुळे उपांत्यपूर्व फेरी ही अंतिम सामन्याइतकीच, काहींना तर त्याहून मोठी होती.

भारताचे प्रकरण. २० जानेवारीला नवी मुंबईत भारत आणि इराण यांच्यात ०–० अशी बरोबरी झाली. प्रशिक्षक स्वीडनचे थॉमस डेनर्बी होते. चेंडू बहुतेक वेळ भारताकडे राहिला, गोल मात्र झाला नाही. २३ तारखेला चायनीज तैपेईशी सामना होता आणि त्याआधीच शिबिरात कोरोना पसरला. नियमाप्रमाणे संघाने किमान १३ खेळाडूंची नावे द्यायची असतात. भारताला तेवढीही देता आली नाहीत. सामना सुरूच झाला नाही, आणि नियमानुसार भारताने ‘माघार घेतली’ असे धरले गेले. एकदा माघार लागली की आधीचा खेळही पुसला जातो. इराणविरुद्धची बरोबरी रद्द झाली, २६ जानेवारीचा चीनविरुद्धचा सामनाही गेला. भारताच्या खात्यावर ना विजय, ना पराभव, ना बरोबरी. घरच्या मैदानावर विश्वचषकाच्या इतक्या जवळ आलेला संघ गोलांनी हरला नाही, डोकी मोजण्यात हरला. नोंदीत ‘माघार’ हा शब्द कायम राहील. तो वाचणाऱ्याने त्यामागचे हे कारणही लक्षात ठेवावे.

पण या रिकाम्या रकान्याने पुढे एक वेगळेच काम केले, आणि नियमांच्या चाहत्यांना त्यात रस वाटावा. भारत गेल्याने ‘अ’ गटात तीनच संघ उरले. तिसऱ्या क्रमांकाच्या संघांची तुलना समान पायावर व्हावी म्हणून उरलेल्या दोन गटांतही चौथ्या संघाविरुद्धचे निकाल हिशेबातून वगळले गेले. ‘क’ गटात व्हिएतनाम जपान आणि कोरिया या दोघांशीही ०–३ ने हरला होता. म्यानमारशी त्याची २–२ बरोबरी झाली होती, तीच आता मोजायची नव्हती. म्हणजे व्हिएतनामचे हिशेबातले गुण शून्य. इराणचेही शून्यच, कारण चीनने त्याला ७–० आणि चायनीज तैपेईने ५–० हरवले होते. गोलफरकात व्हिएतनाम उणे ६, इराण उणे १२. शून्य गुण असलेला व्हिएतनाम पुढे गेला. त्या संघाची अवस्थाही भारतापेक्षा फारशी बरी नव्हती. स्पेनमधल्या सरावादरम्यान त्याच्या अनेक खेळाडूंना लागण झाली होती. पण तेरा नावे भरतील इतक्या मुली उभ्या राहिल्या, एवढाच फरक.

साखळीत बाकी फार अनपेक्षित काही घडले नाही. अंधेरीत २१ जानेवारीला ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियाला १८–० असे हरवले. त्यात एकट्या सॅम करचे पाच गोल होते. ७ गोलांसह स्पर्धेतील सर्वाधिक गोलही तिचेच.

बालेवाडी, ३० जानेवारी. नोंदीचा हा भाग जरा सविस्तर द्यायला हवा, कारण स्पर्धेचा खरा निकाल इथे लागला. हे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारले गेले. २००८ चे राष्ट्रकुल युवा खेळ इथेच झाले, आणि पुढे इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटीचे हे घरचे मैदान होते. महासाथीमुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. त्या दिवशी इथे उपांत्यपूर्व फेरीचे दोन सामने झाले.

दुपारी ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण कोरिया. पहिल्या सत्रात चो सो-ह्युनने पेनल्टी आडव्या खांबावरून बाहेर मारली. ऑस्ट्रेलियाने संधी घालवल्या, त्यातली एक सॅम करची होती. ८७ व्या मिनिटाला जी सो-युनला पेटीबाहेर चेंडू मिळाला. तिने लांबूनच मारलेला फटका जाळ्यात गेला. ०–१. स्पर्धेतली सर्वांत दबदब्याची फळी घरी गेली. विश्वचषकाचे यजमानपद हाती असल्याने तिचे नुकसान चषकापुरतेच होते, पण त्या निकालाने शेवटच्या जागेचे गणित बदलले. ऑस्ट्रेलिया आता त्या शर्यतीत नव्हता आणि उरलेले तीन पराभूत संघ एका जागेसाठी भिडणार होते.

संध्याकाळी चायनीज तैपेई आणि फिलिपिन्स. फिलिपिन्सचे प्रशिक्षक ॲलन स्टॅजिक हे आधी ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाचे प्रशिक्षक होते, २०१९ च्या जानेवारीत त्यांना तिथून काढले गेले होते. योगायोग असा की त्यांचा जुना संघ त्याच मैदानावर काही तासांपूर्वी बाद झाला होता. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला क्विन्ली केझाडाने फिलिपिन्सला पुढे नेले. सामना हातात आला असे वाटत असताना ८२ व्या मिनिटाला झुओ ली-पिंगने बरोबरी साधली. जादा वेळातही कोंडी फुटली नाही. मग पेनल्टी. गोलरक्षक ऑलिव्हिया मॅकडॅनियलने तैपेईच्या किक अडवल्या, आणि पुढे येऊन एक किक स्वतःही मारून गोल केला. गोलरक्षकाने हे दोन्ही करणे फुटबॉलमध्ये क्वचितच दिसते. शेवटची किक सरिना बोल्डनची. ४–३. त्या फटक्याने फिलिपिन्स विश्वचषकात गेला, पुरुष-महिला धरून त्या देशाचा पहिलाच फुटबॉल विश्वचषक. रिकाम्या स्टेडियममध्ये त्या मुलींचा आरडाओरडा तेवढा ऐकू येत होता.

३ फेब्रुवारीला दोन्ही उपांत्य सामनेही बालेवाडीतच झाले. कोरियाने फिलिपिन्सला २–० हरवले. चीन-जपान सामन्यात जपानकडून रिको उएकीने दोन गोल केले आणि दोन्ही वेळा चीनने पाठलाग केला, दुसऱ्यांदा तर ११९ व्या मिनिटाला, वांग शानशानच्या गोलाने. पेनल्टीवर चीन ४–३ ने पुढे गेला. ६ फेब्रुवारीला नवी मुंबईत अंतिम सामन्यातही तेच झाले. मध्यंतराला कोरिया २–० ने पुढे होता. तांग जियालीने पेनल्टीवर एक गोल फेडला, झांग लिनयानने बरोबरी केली आणि भरपाई वेळेत शियाओ युयीने ३–२ केले. प्रशिक्षक शुई छिंगशिया स्वतः चीनच्या माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू. सर्वोत्कृष्ट खेळाडू वांग शानशान ठरली.

त्याच दिवशी आणखी एक सामना नवी मुंबईत होता, आणि हानोईत त्याचेच महत्त्व अधिक. उपांत्यपूर्व फेरीत चीनकडून ३–१ ने हरलेल्या व्हिएतनामने आधी थायलंडला २–० हरवले होते. आता चायनीज तैपेईला २–१ हरवून त्याने पाचवी जागा घेतली. शून्य गुणांवर साखळी ओलांडलेला संघ विश्वचषकात गेला. तैपेई आणि थायलंड आंतरखंडीय सामन्यांना गेले आणि दोघेही तिथे हरले.

आफ्रिकेशी तुलना. आफ्रिकेतही हीच पद्धत आहे. तिथला महिला आफ्रिका चषक हाच विश्वचषकाची पात्रता स्पर्धा असतो. २०२० चा चषक महासाथीमुळे रद्द झाला, आणि २०२२ च्या जुलैमध्ये मोरोक्कोत १२ संघांचा चषक झाला. उपांत्य फेरीतले चार संघ, म्हणजे दक्षिण आफ्रिका, मोरोक्को, झांबिया आणि नायजेरिया, विश्वचषकात गेले. त्यात मोरोक्को आणि झांबिया नवे होते. अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेने मोरोक्कोला २–१ हरवले. पुढे २०२३ च्या विश्वचषकात आफ्रिकेच्या चारांपैकी तिघे बाद फेरीत पोहोचले, आशियाच्या सहांपैकी फक्त जपान आणि ऑस्ट्रेलिया. जागा कोणाला किती द्यायच्या, या वादात आफ्रिकेच्या बाजूने हा आकडा बोलका आहे. फिलिपिन्सचा एक क्षण मात्र त्यात नोंदवावा. २५ जुलै २०२३ ला वेलिंग्टनमध्ये त्यांनी यजमान न्यूझीलंडला १–० हरवले. गोल बालेवाडीची शेवटची किक मारणाऱ्या बोल्डनचाच.

आफ्रिकेतील मुलींचे संघ त्या आफ्रिका चषकाच्याच वर्षी महाराष्ट्र-गोव्यातही येऊन गेले. ऑक्टोबर २०२२ च्या १७ वर्षांखालील महिला विश्वचषकाचे सामने भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत झाले. मोरोक्को, नायजेरिया आणि टांझानिया घरच्या-परक्या मैदानांवरील दुहेरी लढतींच्या पात्रतेतून आले होते. टांझानियाने मडगावला फ्रान्सला २–१ हरवले. नायजेरियाने नवी मुंबईत जर्मनीला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक घेतला.

भोर-वेल्हे. बालेवाडीचे संकुल मुंबई-बंगळूर महामार्गाला लागून आहे. तोच रस्ता चांदणी चौक, वारजे, नवले पूल ओलांडून कात्रजच्या बोगद्यातून खेड शिवापूरला येतो. चेलाडी फाट्याला नसरापूरकडे वळले की राजगड-तोरण्याचा वेल्हे तालुका (आता राजगड तालुका), आणि पुढे कापूरहोळला वळले की भोर. गर्दी नसेल तर दोन तासांच्या आतले अंतर. विश्वचषकाचे भवितव्य ठरवणारे सामने इतक्या जवळ झाले तरी या दोन तालुक्यांत फुटबॉल हा खेळ दुर्मीळच राहिला, आणि त्याचे कारण आवडीइतकेच जमिनीतही आहे. मुलींच्या कबड्डीचे मैदान १२ मीटर बाय ८ मीटर, शाळेच्या अंगणात चुन्याने आखता येते. फुटबॉलचे प्रमाण मैदान १०५ बाय ६८ मीटर, म्हणजे सुमारे ७० गुंठे सलग सपाटी. मावळच्या उतारावर एवढी सपाटी एका तुकड्यात सापडली तर तिथे आधी भात लागतो. भातखाचरांचे बांध काढून कोणी गोलपोस्ट उभे करत नाही. म्हणून गावोगाव कबड्डी, खो-खो आणि जत्रेतली कुस्ती.

तरीही वाट बंद नाही. शालेय क्रीडा स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुलींचा फुटबॉल आहे, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत्या पायऱ्यांनी. १७ वर्षांखालील मुलींसाठी सुब्रतो चषकही आहे. नसरापूरच्या एखाद्या शाळेचा संघ जिल्ह्यासाठी निघाला, तर त्यालाही पहिला प्रश्न तोच: यादीत नावे पुरेशी भरतात का.

पुढील घटना. २०२३ चा विश्वचषक भारताविना झाला. नंतर ५ जुलै २०२५ ला चियांग माईत पात्रता फेरीच्या शेवटच्या सामन्यात भारताने यजमान थायलंडला २–१ हरवले. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. त्यामुळे २०२६ च्या ऑस्ट्रेलियातील आशिया चषकात भारताला जागा मिळाली. पात्रता फेरी खेळून या स्पर्धेत पोहोचण्याची भारतीय महिला संघाची ही पहिलीच वेळ.