मेंदूतील ‘सरस’

सुतार दोन फळ्या सांधताना जो सरस वापरतो, त्याचेच नाव मानवी मेंदूतील जवळजवळ निम्म्या पेशींच्या वाट्यास आले आहे. ग्रीक भाषेत ‘ग्लिया’ म्हणजे सरस. रुडॉल्फ फिरखो या जर्मन रोगविज्ञानवेत्त्याने १८५६ साली हे नामकरण केले. शरीराच्या इतर अवयवांना धरून ठेवणारे जसे संयोजक द्रव्य असते, तसे मेंदूतही असले पाहिजे, अशा समजुतीने तो शोध घेत होता. मज्जापेशींच्या दरम्यान त्याला जे मऊ द्रव्य आढळले, त्यास त्याने ‘न्यूरोग्लिया’, म्हणजे मज्जेचा सरस, असे संबोधिले. एखाद्या वस्तूस नाव मिळाले की तिचा विचार संपला असे मानण्याची खोड विद्वानांसही असते. सरस म्हणजे केवळ चिकटविणारा. त्याला स्वतःचे कार्य ते काय असावयाचे?

१८७३ साली इटलीतील कामिल्लो गोल्जी याने रुप्याच्या क्षाराने मेंदूचे काप रंगविण्याची युक्ती काढली आणि या सरसात फांद्याफांद्यांच्या स्वतंत्र पेशी आहेत हे स्पष्ट दिसू लागले. त्याच युक्तीच्या आधारे स्पेनच्या रामोन ई काहाल याने मज्जापेशी ही एक सुटी, स्वयंपूर्ण पेशी आहे असा सिद्धांत मांडला. गोल्जीस तो अखेरपर्यंत मान्य झाला नाही. १९०६ साली दोघांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, तेव्हा स्टॉकहोम येथील आपल्या व्याख्यानातही त्याने तो खोडून काढण्याचा प्रयत्न केला. या विजयाचा एक विपरीत परिणाम मात्र झाला. मज्जापेशी सिंहासनावर बसली आणि भोवतालच्या पेशी चवरी ढाळणाऱ्यांत जमा झाल्या.

तथापि काहाल स्वतः त्यांना विसरला नव्हता. १९१३ साली त्याने सोने व पारा यांच्या क्षारांनी रंगविण्याची नवी रीत शोधून ताऱ्यासारख्या ग्लियापेशी उत्तम रीतीने दाखविल्या. परंतु काही लहान गोल पेशी त्या रीतीने नीट रंगत नसत. त्यांना फांद्याच नाहीत असे समजून त्याने त्यांचा एक वेगळा वर्ग केला आणि त्यास मज्जासंस्थेचे ‘तिसरे तत्त्व’ म्हटले.

येथे पीओ देल रीओ ओर्तेगा याची कथा सुरू होते. १८८२ साली वायादोलिद प्रांतात जन्मलेला हा वैद्य माद्रिद येथे काहालच्या संस्थेत काम करीत होता. रुप्याच्या कार्बोनेटाची एक रीत त्याने बसविली आणि १९१९ साली असे दाखवून दिले की, गुरूच्या ‘तिसऱ्या तत्त्वा’तील पेशींना फांद्या आहेत, इतकेच नव्हे, तर त्या एका जातीच्या नसून दोन जातींच्या आहेत. एका जातीस त्याने मायक्रोग्लिया म्हटले. मेंदूस इजा झाली की या पेशी फांद्या आखडून गोल होतात, इजेच्या जागी सरकतात आणि तेथील मृत भाग गिळून टाकतात. त्यांचा मूळ वंश मेंदूबाहेरचा असावा, असेही त्याने सुचविले. दुसऱ्या, थोड्या फांद्यांच्या जातीस ऑलिगोडेंड्रोग्लिया हे नाव मिळाले.

शिष्याकडून पराभव व्हावा अशी गुरूने इच्छा धरावी, असे आपली परंपरा सांगते. प्रत्यक्षात तो पचविणे कठीण असते. काहालने मायक्रोग्लियाच्या शोधाचे श्रेय स्कॉटलंडच्या रॉबर्टसनलाही दिले आणि दुसऱ्या जातीविषयी तो दीर्घकाळ साशंक राहिला. १९२० साली प्रयोगशाळेतील कुरबुरींचे पर्यवसान ओर्तेगास तेथून बाहेर काढण्यात झाले. आमच्या मते, त्या कुरबुरींत कोणाची बाजू किती खरी होती हा प्रश्न गौण आहे. सूक्ष्मदर्शक यंत्राखाली शिष्याला जे दिसले, ते खरे होते. १९२४ साली कॅनडात पुढे विख्यात झालेला शस्त्रवैद्य वाइल्डर पेनफील्ड माद्रिदला येऊन ओर्तेगाकडे ही रीत शिकला व त्याने ऑलिगोडेंड्रोग्लियाला दुजोरा दिला. पुढे १९३६ च्या यादवी युद्धाने ओर्तेगास देशोधडीस लावले. पॅरिस, ऑक्सफर्ड असा प्रवास करीत तो ब्युएनोस आयरेसला पोहोचला आणि १९४५ साली तेथेच निवर्तला. नोबेल त्याला मिळाले नाही.

त्याच्या पेशींचे महत्त्व त्यानंतर वाढतच गेले. ऑलिगोडेंड्रोग्लिया मज्जातंतूंभोवती मायेलिनचे वेष्टन गुंडाळतात, त्यामुळे संदेश वेगाने धावतात. बहुविध काठिण्य या विकारात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्या वेष्टनावर उलटते. ताराकृती पेशी मज्जापेशींनी सोडलेले ग्लुटामेट उचलून घेतात. ते साचत राहिले तर मज्जापेशींना घातकच. २००५ साली जिवंत उंदराच्या मेंदूत पाहता, ‘विश्रांत’ समजल्या जाणाऱ्या मायक्रोग्लियाच्या फांद्या अहोरात्र गस्त घालताना आढळल्या. २०१० साली उंदरांवरच असे सिद्ध झाले की, या पेशींचे पूर्वज गर्भावस्थेच्या प्रारंभी पीतक कोशात निर्माण होऊन मेंदूत येतात. ओर्तेगाचा बाहेरच्या वंशाचा तर्क असा नव्वद वर्षांनी फळास आला. ग्लियापेशी मज्जापेशींच्या दहापट आहेत हे पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या छापले गेलेले वाक्य मात्र २००९ च्या गणनेत टिकले नाही. मज्जापेशी सुमारे ८,६०० कोटी आणि इतर सर्व पेशी मिळून जवळपास तितक्याच भरल्या.

घरातील वडीलधाऱ्या माणसाला पोटच्या मुलाचे नाव आठवेनासे होते, देवापुढे बसूनही नित्याचे स्तोत्र मध्येच तुटते, हे दुःख आमच्या अनेक वाचकांनी पाहिले असेल. अशा स्मृतिभ्रंशाचे एक मोठे कारण असलेल्या अल्झायमरच्या व्याधीत मेंदूत साचणाऱ्या प्रथिनांच्या गुठळ्यांभोवती मायक्रोग्लिया गोळा झालेल्या दिसतात. २०१२ च्या अखेरीस असे आढळले की, या पेशींच्या कार्याशी निगडित असलेल्या ‘ट्रेम-२’ या जनुकात एक विशिष्ट फरक असेल, तर ही व्याधी जडण्याचा धोका बराच वाढतो. म्हणजे त्या पेशी तेथे केवळ प्रेक्षक म्हणून जमत नाहीत. व्याधीच्या प्रारंभी त्या घाण उपसून मेंदूचे रक्षण करतात आणि पुढे दाह भडकला की त्याच मज्जापेशींचे सांधेही खाऊ लागतात, असे अनेक संशोधकांचे मत आहे. हे वळण केव्हा येते आणि औषधाने ते थोपविता येईल काय, याचा शोध आज अनेक देशांतील प्रयोगशाळांत चालू आहे.