होलोकू : राणीने शिवून घेतलेला झगा

हवाईतल्या बायकांना मिशनऱ्यांनी अंगभर झगे चढवले, असं सरसकट सांगितलं जातं. पण पहिला झगा तिथल्या राणीने स्वतः मागून घेतला होता.

बोस्टनहून ऑक्टोबर १८१९ मध्ये निघालेलं ‘थॅडियस’ गलबत १८२० च्या वसंतात हवाईला पोचलं. त्यावर सात प्रोटेस्टंट मिशनरी जोडपी होती. त्यातल्या लुसी थर्स्टनचं लग्न निघण्याच्या जेमतेम दीड आठवडा आधी लागलं होतं. या सगळ्यांना धाडलं होतं अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने. मुंबईत १८१३ साली गॉर्डन हॉल आले तेही याच संस्थेतर्फे, आणि त्यातूनच आपल्याकडचं अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं.

कामेहामेहा राजाची विधवा कालाकुआ गलबतावर आली ती तलम पांढऱ्या कापडाचा तागा घेऊनच. या गोऱ्या बायकांसारखा झगा मला हवा आणि नव्या राजाची भेट व्हायच्या आत हवा, हा तिचा आग्रह. ३ एप्रिलला गलबतावरच शिवणाची बैठक बसली. चार मानकरी स्त्रियांच्या हाती छिटाचे तुकडे दिले गेले. हवाईच्या प्रसिद्ध गोधडीचं मूळही लोक इथेच शोधतात.

तोवर तिथला पोशाख म्हणजे झाडाची साल कुटून केलेलं ‘कापा’, कमरेभोवती गुंडाळलेलं. पण चंदनाच्या व्यापारातून परदेशी कापड आलं होतं आणि ते अंगावर असणं मोठेपणाचं झालं होतं. कालाकुआची घाई त्यातून समजते.

खरी कमाल बेतण्याची. अमेरिकेत तेव्हा झग्याची कंबर छातीच्या खाली घेत. राजघराण्यातल्या स्त्रिया उंच, भरदार. तसं शरीर तिथे वैभवाचं लक्षण. त्यावर ती कंबर बसेना. म्हणून मिशनरी बायकांनी कंबरच काढली, वर योक (खांद्यालगतची पट्टी) लावला आणि कापड तिथून थेट पायापर्यंत सोडलं. हाच होलोकू. उष्ण हवेत तो सोयीचाही ठरला. घर, लेकरं, शाळा सांभाळून मिशनरी बायका पुढे सरदारांसाठी शिवतच राहिल्या.

अंग झाकण्याची सक्ती, उघडेपणाची शरम ही मिशनचीच देणगी. ते नाकारता येणार नाही. पण झगा हवाईच्या बायकांनी मागितला आणि त्याचा आकार त्यांच्या अंगावरून ठरला, याचं श्रेय त्यांना मिळायलाच हवं.

प्रशांत महासागरातल्या इतर बेटांवरही मिशनसोबत असेच सैल झगे रुजले. न्यू कॅलेडोनियात तिथल्या मूळच्या कानाक बायका ते घालून क्रिकेट खेळतात. तो खेळही तिथे इंग्रज मिशनऱ्यांनीच आणला. प्रत्येक संघाच्या झग्याचा रंग वेगळा असतो.