खनिज-अहवालांची परिभाषा आणि सामान्य भागधारक

खाण कंपनीचा तांत्रिक अहवाल म्हणजे एका तज्ज्ञाने दुसऱ्या तज्ज्ञासाठी केलेले लेखन, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. तो अहवाल वाचून आपली शिल्लक गुंतवू पाहणारा सामान्य भागधारक हा या लेखनाचा नवा वाचक होय. नागपूरच्या परिसरात हा वाचक कसा उदयास आला व भाषेची कोणती अडचण त्याच्यापुढे उभी राहिली, एवढ्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

मध्यप्रांतातील मँगनीज-उद्योगाचा इतिहास १८९६ साली स्थापन झालेल्या प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटपासून सुरू होतो. पुढे हे काम ब्रिटनमध्ये नोंदलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनीकडे गेले. १९०९ साली एल. एल. फर्मोर यांचा भारतीय मँगनीजवरील बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला. येथील एका खडकास त्यांनी गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. खडकास नाव येथील लोकांचे मिळाले. वर्णनाची भाषा मात्र त्यांना परकीच राहिली. १९६२ साली ‘मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड’ ही कंपनी स्थापन झाली. तिच्यात केंद्र व दोन राज्य सरकारांचा वाटा ५१ टक्के आणि जुन्या ब्रिटिश कंपनीचा ४९ टक्के होता. १९७७ साली ती पूर्णतः सरकारी झाली. या साऱ्या काळात अहवालाचा वाचक एक तर तज्ज्ञ होता किंवा अधिकारी.

ही स्थिती २०१० साली पालटली. त्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस ‘मॉईल’चे २० टक्के भाग ३४० ते ३७५ रुपयांच्या दरम्यान विक्रीस निघाले. सामान्य गुंतवणूकदारास ५ टक्के सूट होती, आणि एकंदर मागणी सुमारे ५६ पट झाली. अशा विक्रीची जाहिरात, कंपनीची कचेरी जेथे असेल तेथील भाषेतील वृत्तपत्रातही द्यावी, असा नियम आहे. परंतु ज्याच्या आधारे निर्णय घ्यावयाचा, ते सविस्तर माहितीपत्रक इंग्रजीतच असते.

अडचणीचे मूळ ‘साठा’ या शब्दात आहे. इंग्रजीत ‘रिझर्व्ह’ आणि ‘रिसोर्स’ या दोन भिन्न संज्ञा आहेत. जे खनिज आजच्या परिस्थितीत किफायतशीरपणे काढता येईल असे अभ्यासान्ती ठरले आहे, तेवढेच ‘रिझर्व्ह’. भूगर्भात आहे असा साधार अंदाज आहे, परंतु काढणे परवडेल की नाही हे ठरावयाचे आहे, ते ‘रिसोर्स’. मराठी वृत्तपत्रे दोहोंस ‘साठा’च म्हणतात. मराठीत साठा म्हणजे साठविलेली, हाताशी असलेली वस्तू. कणगीतील धान्याचा साठा असतो. पेरलेल्या शेताच्या नजरअंदाजास कोणी साठा म्हणत नाही.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे, हे सोन्याच्या एका प्रकरणाने जगास शिकविले. कॅनडाच्या ब्रि-एक्स कंपनीने बोर्निओतील बुसांग येथे प्रचंड सुवर्णसंपत्ती असल्याचे जाहीर केले. मे १९९७ मध्ये स्वतंत्र तपासणीत खडकाच्या नमुन्यांत बाहेरून सोने मिसळल्याचे उघड झाले आणि भाग कवडीमोल ठरले. फसवणूक नमुन्यांत होती हे खरे. परंतु अंदाजाचे आकडे हाती आलेल्या सोन्यासारखे वाचले गेल्यामुळेच ती इतकी फोफावली. २००१ साली कॅनडात नवे नियम आले. अहवालाची जबाबदारी पात्र तज्ज्ञाने घ्यावी, सर्वांत कच्चा अंदाज इतर वर्गांच्या बेरजेत मिसळू नये, आणि ‘रिसोर्स’ची आर्थिक व्यवहार्यता सिद्ध झालेली नाही हे स्पष्ट लिहावे, असे त्यांनी ठरविले.

आपल्याकडे नागपुरातच मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्यूरोने संयुक्त राष्ट्रांची वर्गवारी स्वीकारली आहे. तिच्यातील तीन अंक अनुक्रमे आर्थिक व्यवहार्यता, तांत्रिक अभ्यास आणि भूशास्त्रीय खात्री दर्शवितात. १११ म्हणजे सिद्ध ‘रिझर्व्ह’, ३३३ म्हणजे केवळ अनुमानित ‘रिसोर्स’. अंकांनी जे साधले ते मराठी शब्दांनी अद्याप साधलेले नाही.

‘रिझर्व्ह’साठी ‘राखीव साठा’ हा शब्दशः पर्याय योग्य नव्हे. राखीव म्हटले की वापरास मनाई असलेले वन आठवते. ‘काढण्याजोगा साठा’ आणि ‘अंदाजित खनिजसंपत्ती’ ही जोडी अधिक सुबोध ठरेल. डॉ. रघुवीर यांचा इंग्रजी-हिंदी कोश १९५५ साली ज्या शहरातून निघाला, त्या शहरास परिभाषेचे कार्य नवे नाही. मात्र ती परिभाषा आता पदवीधरापुरती न राहता, निवृत्तीची पुंजी हाती घेऊन माहितीपत्रक उघडणाऱ्या वाचकाच्या उपयोगी पडावी, हे अगत्याचे आहे.