सर्पगंधेची अठरा वर्षे

पांढऱ्या-गुलाबी फुलांच्या सर्पगंधेचे मूळ बिहारमध्ये 'पागल की दवा' म्हणून विकले जाई. १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि उच्च रक्तदाबावरील तिचा गुण भारतीय नियतकालिकात नोंदवला. पाश्चात्त्य वैद्यकाला मात्र जाग आली ती १९४९ मध्ये, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा निबंध 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापून आल्यावर. शोधनिबंध कोठून निघतो, यावर त्याचे वाचक ठरत. हे आजही फारसे बदललेले नाही. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या संशोधकांनी मुळातून रेसर्पिन वेगळे केले आणि मागणी उसळली. औषध मुळात असल्याने झुडूपच उपटावे लागे. रानातली सर्पगंधा विरळ होत गेली. पुढे तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले.